जत्रेच्या रात्रीचे तीन अंक : प्रस्तावना

कार्तिक महिना लागला म्हणजे अष्टागरातल्या गावांत नाक्यावरच्या पिंपळाखाली, देवळाच्या ओवरीशेजारी किंवा एस. टी.च्या थांब्याजवळ रंगाने लिहिलेले जे फलक उभे राहतात, त्यांवर नाटकाच्या नावाखाली विशेषणांची एक माळ बहुधा ठरलेली असते : तीन अंकी, सामाजिक, कौटुंबिक, हृदयद्रावक, विनोदी. नाट्यसमीक्षेचे चार ग्रंथ चाळलेला मनुष्य ही माळ वाचून थबकतो. कारण जे हृदय द्रवविते ते विनोदी कसे, आणि जे विनोदी आहे त्याला आसवांची गरज का पडावी, ही शंका त्याला त्या ग्रंथांनीच शिकविलेली असते. ती शंका एके काळी माझ्याही मनात होती. परंतु या किनाऱ्यावरील हौशी मंडळांच्या तालमींत, शाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात, अनेक हिवाळ्यांच्या रात्री बसून काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, ही विशेषणे म्हणजे मंडळाने गावाला लिहून दिलेला करारनामा होय, आणि त्यातील एकही शब्द फाजील नाही. घरातील थोरामोठ्यांनी, सुनांनी व मुलांनी एकाच चटईवर बसून शेवटपर्यंत पाहावे, मध्येच कोणाला मान खाली घालावी लागू नये, पोट धरून हसावे आणि तरीही पहाटे घरी परतताना घसा दाटलेला असावा, इतके सारे त्या करारात अंतर्भूत आहे. प्रस्तुत संग्रहातील नाटके त्या कराराला स्मरून लिहिलेली असल्यामुळे, नाटकांविषयी बोलण्यापूर्वी त्या कराराविषयी बोलणे मला अगत्याचे वाटते.

हा अष्टागराचा किनारा, म्हणजे मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा नारळीपोफळीचा पट्टा आणि त्याला लागून असलेला खारेपाट, १९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात नोंदला जात होता व त्यानंतर रायगड जिल्ह्याच्या. स्वच्छ रात्री किहीमच्या किनाऱ्यावरून मुंबईचे दिवे दिसतात. तथापि पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते, आणि पूर्वी खाड्यांवर पूल नव्हते तेव्हा ते दिवे दिसत असूनही फार दूर होते. भाताची कापणी आटोपून, नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर गेलेल्या होड्यांची पहिली मिळकत घरात येऊन, माणसाच्या हाती थोडा पैसा व थोडी फुरसत एकाच वेळी येते ती कार्तिकात. आणि जत्राही तेव्हाच सुरू होतात. वरसोलीची विठोबाची, आवासची नागेश्वराची, मार्गशीर्षात चौलची दत्ताची. आणि मग गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रांची रांग पार चैत्रापर्यंत लांबत जाते. मुंबईची व्यावसायिक कंपनी बोलवावी तर तिची बिदागी व प्रवासखर्च लहान गावाच्या वर्गणीला झेपत नाही. म्हणून गावानेच नाटक बसवावे, आणि गावाने बसविलेले नाटक गावानेच पाहावे, अशी वहिवाट पडली. गिरणगावात नोकरीला गेलेले येथील तरुण १९२२ साली उभ्या राहिलेल्या परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके पाहून येत, आणि सुटीवर आले की त्यांतील प्रवेश, पोशाख व लकबी गावच्या मंडळाला शिकवीत. या शाळेचे ऋण आमच्या रंगभूमीवर फार मोठे आहे.

आता शास्त्राच्या आक्षेपाकडे वळू. भरतमुनींनी शृंगारापासून हास्याची आणि रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण या दोन रसांना हास्याचे विरोधी ठरविले. या निवाड्याप्रमाणे जत्रेतील आमचे नाटक मुळातच सदोष ठरते. परंतु मराठी रंगभूमीने हा निवाडा आरंभापासूनच शिरसावंद्य मानलेला दिसत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केल्यानंतर पौराणिक नाटकांच्या मंडळ्या गावोगाव हिंडू लागल्या आणि १८५६ च्या सुमारास नाटकाच्या शेवटी एखादा फार्स जोडण्याचा प्रघात सुरू झाला. रसांचे मिश्रण तेथे अद्याप नव्हते, शेजार मात्र होता : आधी राक्षस व देव, मग त्याच पडद्यापुढे घरगुती फजिती. पुढील साठ वर्षांत फार्स नाटकाच्या शेवटून उठून नाटकाच्या पोटात शिरला, आणि हे कार्य परिपूर्णतेस नेले ते राम गणेश गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर. त्यात सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होत असताना मध्येमध्ये आर्यमदिरामंडळाची बैठक भरते, आणि ज्या तळीरामाने प्रेक्षकांना इतके हसविले तो अंथरुणाला खिळला असता त्याच्या उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडत बसतात. त्या प्रवेशात हसू आवरत नाही आणि मरणही विसरता येत नाही. विश्वनाथाला या प्रवेशाचे काय वाटले असते ते असो. आमच्या भागातला भातशेतीवर राबणारा मनुष्य मात्र तो प्रवेश पाहताना मुळीच गोंधळत नाही, कारण त्याच्या घरी मर्तिकाच्या दिवशीही कोणी ना कोणी गेलेल्या माणसाची गोष्ट सांगून बायकांना पदराआड हसवीत असतेच.

गडकऱ्यांच्या या मिश्रणाइतकीच दुसऱ्या एका नाटककाराची काटकसर लहान मंडळांना उपयोगी पडली. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले व पुढे १९१६ साली तेच ‘संशयकल्लोळ’ या संगीत रूपात आले. त्याचे मूळ आर्थर मर्फीच्या एका इंग्रजी नाटकात व त्याच्याही मागे मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे, हे पंडितांना ठाऊक असते. परंतु मंडळाच्या कारभाऱ्याला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की, नाटकाचा सारा गोंधळ एका तसबिरीवर उभा राहतो. तसबीर कोणाच्याही घरून आणता येते. राजवाडा, रथ, रणांगण यांची तजवीज नको. संशयी नवरा, तितकीच संशयी बायको, एक नोकर आणि भिंतीवरून काढून आणलेली चौकट इतक्या सामग्रीवर ज्या नाटककाराने प्रेक्षकांना शंभराहून अधिक वर्षे हसविले, त्याला लहान मंडळांचा कुलपुरुष मानावयास हरकत नाही. अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) व ‘लग्नाची बेडी’ (१९३६) यांत हीच काटकसर पाळली : एक दिवाणखाना, आणि त्यात येणारी-जाणारी माणसे. नंतर बाळ कोल्हटकरांनी ‘दुरितांचे तिमिर जावो’ (१९५७) आणि ‘वाहतो ही दुर्वांची जुडी’ (१९६४) यांत त्या दिवाणखान्यात अश्रू आणले. ‘दुर्वांच्या जुडी’तील बहिणीभावाच्या करुण कथेतही हसविणारा बगाराम आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो. शहरातल्या टीकाकारांनी कोल्हटकरांना रडके म्हणून बाजूस सारले असेल. आमच्या किनाऱ्यावर मात्र त्यांच्या नाटकांच्या वह्या हाताळून हाताळून मऊ पडल्या आहेत, आणि कोणत्याही नाटककाराला याहून मोठा सन्मान मिळत असेल असे मला वाटत नाही.

पाश्चात्त्यांनी या जातीच्या नाटकाला मेलोड्रामा हे नाव दिले. गाणे आणि नाट्य यांच्या संयोगाचे ते नाव. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पिक्सेरेकूर या नाटककाराने पॅरिसच्या सामान्य जनांसाठी अशी नाटके लिहिली व तेथून ती सर्वत्र पसरली. अमेरिकेत बोस्टन येथे १८४४ साली ‘द ड्रंकर्ड’ नावाचे मद्यपाननिषेधाचे नाटक अतिशय गाजले. ज्या वास्तूत ते झाले तिला नाट्यगृह न म्हणता संग्रहालय म्हणत, आणि हे नाव योजण्यात हेतू असा होता की नाटकाला जाणे पाप समजणाऱ्या कुटुंबांनीही मुलाबाळांसह निःशंकपणे यावे. हेच नाटक १९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा रंगभूमीवर आले आणि १९५९ पर्यंत अखंड चालले; परंतु आता प्रेक्षक खलपुरुषाला ओरडून धिक्कारीत आणि नायिकेच्या दुःखावर हसत. आजही त्या देशातील लहान मंडळ्यांसाठी अशी हसण्याकरिताच लिहिलेली भावनाट्ये छापली जातात आणि घरोघरची माणसे ती आनंदाने पाहतात. त्यांच्या आनंदाला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु तेथे जुन्या आसवांचेच हसू झाले, आणि आमच्याकडे आसवे आसवेच राहून हसू त्यांच्या शेजारी येऊन बसले, हा भेद मला मोलाचा वाटतो. सिंधूवर आमच्या जत्रेत अद्याप कोणी हसलेले नाही.

लहान मंडळासाठी लिहिणाऱ्याला पहिला विचार माणसांचा करावा लागतो. मंडळात नायक होऊ इच्छिणारे सहा असतात आणि नायिका होऊ शकणारी एकही नसते. पूर्वी ही अडचण मुलांनी लुगडी नेसून भागविली. आता नायिका पनवेलहून किंवा मुंबईहून मानधनावर येते, प्रयोगाच्या आदल्या दिवशी एकच तालीम करते आणि तरीही बहुधा मंडळातील कोणाहीपेक्षा चोख काम करून जाते. या बायांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. एका हंगामात वीसवीस नाटकांच्या नकला पाठ असलेल्या, टेम्पोत झोप काढून संध्याकाळी तोंडाला रंग लावणाऱ्या या कलावतींच्या आधारावर किनाऱ्याची अर्धी रंगभूमी उभी आहे, आणि फलकावर त्यांचे नाव पुष्कळदा सर्वांत खाली असते. लेखकाने त्यांची एवढी तरी सोय पाहावी की, नायिकेचे मोठे प्रवेश एकदोघांबरोबरच असावेत. दहा अपरिचित माणसांच्या घोळक्यात तिला उभी करू नये.

पुरुषाने स्त्रीवेष घेण्याच्या त्या जुन्या रिवाजाविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. इंग्रजीतील ‘चार्लीज आंट’वरून अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ रचली, तेव्हा त्यातील गंमत अशी होती की पुरुष बाईचे सोंग घेतो आणि प्रेक्षक व त्याचे मित्र यांवाचून कोणाला ते कळत नाही. एका गावी हे नाटक बसले, तेव्हा तेथील इतर स्त्रीभूमिकाही मुलगेच करीत असत. आता बाईचे काम करणारा मुलगा आणि बाईचे सोंग घेतलेल्या पुरुषाचे काम करणारा मुलगा, हे दोन प्रेक्षकांनी ओळखावे कसे? तालीममास्तरांनी त्यावर काढलेली तोड मी कधी विसरणार नाही. त्यांनी खऱ्या स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांना पंधरा दिवस घरात आई कशी बसते, भांडे कसे उचलते, हसू आले की तोंडावर हात कसा जातो, एवढेच पाहावयास लावले. आणि मावशीला मात्र ताकीद दिली की तू काहीच पाहू नकोस. प्रयोगाच्या रात्री एका क्षणातच सारा गाव समजला. हशा तर पडलाच. परंतु मागे बसलेल्या कित्येक बायांनी त्या मुलांच्या अंगी आपलीच हालचाल पाहून एकमेकींकडे जे पाहिले, ते मला त्या हशापेक्षा अधिक थोर वाटले.

खलपुरुषाचा प्रश्न याहून अवघड आहे. आमच्या नाटकांतील खलपुरुष बहुतकरून सावकार किंवा खोत असतो, त्याच्या हाती गहाणखत असते आणि तिसऱ्या अंकात घर लिलावात निघते. ही युक्ती शिळी झाली असे म्हणणाऱ्यांनी चरीचे स्मरण ठेवावे. अलिबाग तालुक्यातील या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता संप केला. लोकांनी उपास काढले, मोलमजुरी केली, परंतु नांगर धरला नाही. ज्यांच्या आजोबांनी ते दिवस पाहिले त्यांना रंगमंचावरील गहाणखत हा एक कागदाचा चिटोरा वाटत नाही. तेव्हा सावकार हवाच. पण या सावकाराचे काम करणारा इसम गावातलाच असतो, आणि उद्या सकाळी त्याला याच गावात तोंड दाखवावयाचे असते. खाडीकाठच्या एका गावात किराणा दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनी ही भूमिका इतकी उत्तम वठविली की, दुसऱ्या दिवशी एका वृद्धेने त्यांच्याकडून मीठ घेण्याचे नाकारले. लोकांनी तिची समजूत घातली. मात्र ते गृहस्थ मनातून दुखावले होते. पुढच्या वर्षी त्यांनी काम करावयाचे नाकारले, आणि मंडळाला फार मिनतवारी करावी लागली. अखेर नाटकाचा शेवटच बदलण्यात आला : सावकाराची स्वतःची लेक ते गहाणखत त्याच्या हातून काढून घेते, आणि तो तिच्यापुढे खाली बसतो. त्या रात्री ती वृद्धा पहिल्या रांगेत होती. प्रयोग संपल्यावर ती रंगपटात गेली आणि रंग न पुसलेल्या त्या तोंडावरून तिने हात फिरविला.

शेवटी खलपुरुषाला पश्चात्ताप व्हावा या संकेताची, विद्वान लोक दुबळेपणा म्हणून हेटाळणी करतात. त्यांच्या रंगभूमीवर ती हेटाळणी योग्यही असेल, कारण तेथील नट प्रयोगानंतर मोटारीत बसून निघून जातो. आमच्याकडे नट आणि प्रेक्षक एकाच विहिरीचे पाणी पितात. ज्या नाटकात एका शेजाऱ्याला कायमचा काळा करून ठेवावयाचा आहे ते नाटक गावाला परवडत नाही, आणि जे परवडत नाही त्यावर कला उभी राहत नाही. माझ्या मते या संकेताचे मूळ नाटककाराच्या भित्रेपणात नसून गावाच्या शहाणपणात आहे. एवढे मात्र खरे की, तो पश्चात्ताप पटला पाहिजे. शेवटच्या दोन मिनिटांत अचानक आलेल्या पश्चात्तापाने ती वृद्धा उठून रंगपटात गेली नसती. दुसऱ्या अंकातच सावकाराच्या लेकीला दोन प्रवेश द्यावेत, आणि त्यांतला एक विनोदी असावा.

‘कौटुंबिक’ या शब्दाच्या हमीविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते व प्रयोगाचा परवाना काढावा लागतो. नाट्यप्रयोगांवरील सरकारी नियंत्रणाचा हा इतिहास १८७६ च्या कायद्यापर्यंत मागे जातो. पण सरकारी शिक्का कौटुंबिकतेची हमी देऊ शकत नाही, कारण शिक्का मारणारा त्या चटईवर बसलेला नसतो. चटईवर आजी आहे, तिच्या मांडीवर अर्धवट झोपलेले नातवंड आहे, बाजूला नव्याने घरात आलेली सून आहे, आणि सासरे मागे खांबाला टेकून उभे आहेत. द्व्यर्थी वाक्य उच्चारले गेले की तरुणांच्या घोळक्यातून हशा येतो हे खरे. परंतु त्याच क्षणी सून पदर ओढून घेते, सासरे दुसरीकडे पाहू लागतात, आणि पुढची दहा मिनिटे ती दोघे नाटक पाहत नाहीत, एकमेकांची नजर चुकवितात. तेवढ्या अवधीत करुण प्रवेश येऊन गेला तर तो फुकट गेला. अलीकडे काही मंडळे हशाच्या लोभाने अशी वाक्ये मूळ संहितेत घुसडतात, याचे मला फार दुःख होते. त्यांनी गमाविलेला प्रेक्षक कधी तक्रार करीत नाही. पुढच्या वर्षी तो चटई घेऊन येत नाही, इतकेच.

निर्मळ विनोद फिका असतो हा समज ज्यांनी गड्याचे पात्र नीट लिहिले नाही त्यांनी पसरविला आहे. आमच्या नाटकांत नायक पुणेरी शुद्ध मराठी बोलतो, नायिका तर पुस्तकाहूनही शुद्ध. आणि घरातला गडी मात्र आगरी किंवा कोळी बोलीत बोलतो. तो आला की मांडव जागा होतो, कारण शाळा, कचेरी, रेडिओ, वर्तमानपत्र यांपैकी कोणीही ज्या भाषेला जागा दिली नाही ती भाषा दिव्यांच्या उजेडात, ध्वनिक्षेपकावरून, सर्वांसमक्ष बोलली जात असते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणी बोलीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती आगरीला अद्याप मिळावयाची आहे. परंतु या गड्याला केवळ हसविण्यासाठी ठेवू नये. नायिका आपल्या दुःखाचे दीर्घ स्वगत म्हणते तेव्हा प्रेक्षक तिला मान देतात. आणि घर सोडून जाताना तोच गडी उंबऱ्यावर थांबून, धाकट्या मुलाला आता शाळेत कोण पोचवील एवढेच आपल्या बोलीत विचारतो, तेव्हा साऱ्या मांडवात चुळबूळ थांबते. हसण्याची सवय ज्याच्यापायी जडली त्याच्याच तोंडून दुःख आले म्हणजे त्याला वाट अडविणारे कोणी नसते. या संग्रहातील प्रत्येक नाटकात गड्याला असे एक वाक्य आहे. वेळ कमी पडला म्हणून मंडळाने काही गाळावयाचे ठरविल्यास खुशाल नायकाची भाषणे गाळावीत, हे वाक्य गाळू नये.

बक्षिसांच्या प्रथेविषयीही थोडे लिहितो, कारण तिच्यावाचून जत्रेतील नाटकाचे वर्णन पुरे होत नाही. काम आवडले की प्रेक्षकांतून चिठ्ठीसह नोट येते, आणि देणाऱ्याचे नाव, गाव व रक्कम यांचा पुकारा ध्वनिक्षेपकावरून होतो. कित्येकदा ऐन मरणाच्या प्रसंगी नट डोळे मिटून पडलेला असताना, पुकारा संपेपर्यंत त्याला तसेच पडून राहावे लागते. रसभंग होतो यात संशय नाही. पण ज्या गृहस्थाने आपल्या दिवसाच्या मजुरीतून ती नोट काढली, त्याला रस कळला नाही असे मी कसे म्हणू? मंडळांना माझी सूचना इतकीच आहे की, अंकाच्या शेवटी पुकाऱ्यांसाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि हे आरंभीच जाहीर करावे. ज्या ज्या गावांनी हे करून पाहिले तेथे बक्षिसे कमी झाली नाहीत.

आता नाटके बसविणाऱ्यांस दोन व्यवहाराच्या गोष्टी. सर्व नाटके एकाच स्थळावर घडतात. भाड्याने मिळणाऱ्या पडद्यांत दिवाणखान्याचा पडदा कोठेही असतो, आणि तोही न मिळाल्यास दोन दारे व एक खिडकी यांवर काम भागते. तुळशीवृंदावन मात्र खरे असावे. स्त्रीभूमिका कोठेही तीनहून अधिक नाहीत, आणि त्यांतली एक वृद्धेची असल्यामुळे गावातील एखाद्या प्रौढ बाईने धीर करून ती घ्यावी. असा धीर करणाऱ्या बाया आता पुष्कळ गावांत आहेत. नकला उतरविताना फक्त आपलेच वाक्य व आधीच्या वाक्याचे शेवटचे चार शब्द एवढेच लिहिण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी आणि प्रत्येकाला संपूर्ण वही द्यावी; आपण रंगमंचावर नसताना काय घडले हे ठाऊक असलेला नट आत येतो तो निराळ्याच पावलांनी येतो. प्रॉम्प्टर डाव्या विंगेत बसवावा, कारण रडण्याचे सारे प्रवेश त्या बाजूला लिहिले आहेत, आणि पाठांतर विसरते ते बहुधा रडतानाच. तालमी दिवाळीनंतर लगेच सुरू कराव्यात. गड्याचे काम कोणाला द्यावयाचे ते मात्र नारळ फोडण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

चौल–रेवदंडा रस्ता, मार्गशीर्ष